चर्चा: रस्ता तीस फुटांचा, पण धुऱ्यापर्यंतच

धुऱ्यापाशी

काल एक पोस्ट बरीच फिरली. म्हणणं असं: महाल, इतवारी म्हणजे बोळांचा गुंता, तिथे नियोजन कधी शिरलंच नाही. नियोजित नागपूर पाहायचं तर बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळ्याकडे जा. तीस फुटांचे सरळ रस्ते, कडेने नाल्या, खांब एका रांगेत. खाली अनेकांनी होकार भरला. मला हे साफ चुकीचं वाटतं, आणि ही चूक पुढच्या कित्येक पिढ्यांना पुरेल अशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्ता रुंद असणं वेगळं आणि तो पुढे कशाला तरी मिळणं वेगळं. महालातला बोळ आठ फुटांचा असेल, वाकडा असेल, पण तो दुसऱ्या बोळाला मिळतो, दुसरा तिसऱ्याला. बडकस चौकातून गांधी गेटकडे निघालात आणि एक वाट मिरवणुकीने अडली तर दुसरी धरता येते. नवीन ले-आउटचा रस्ता तीस फुटांचा असतो आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, अलीकडेच संपतो.

ले-आउट पडतो खसऱ्यागणिक, म्हणजे शेताच्या एकेका सर्व्हे क्रमांकागणिक. तीन एकरांचा खसरा, गावरस्त्यावरून एक तोंड, मधून एक उभा रस्ता, त्याला दोन-तीन आडव्या गल्ल्या. शेजारचा खसरा अजून शेतच आहे, तेव्हा पुढे रस्ता काढून फायदा काय, असा विचार होतो आणि शेवटच्या रांगेत प्लॉट पाडले जातात. पाच वर्षांनी शेजारीही ले-आउट होतो. त्याचंही तोंड स्वतंत्र, त्याचीही शेवटची रांग याच धुऱ्याला पाठ करून. दोन घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, पण एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर २०० मीटर बाहेर या, गावरस्त्याने १२० मीटर जा, पुन्हा २०० मीटर आत शिरा. अर्धा किलोमीटर. शेजारच्या ले-आउटचं तोंड दुसऱ्याच रस्त्यावर असेल तर दीड किलोमीटरही होतो. म्हणजे दूध आणायलासुद्धा गाडी काढायची.

हे मोजता येतं. एखाद्या भागात किती चौरस्ते, किती तिठे आणि किती बंद टोकं आहेत ते मोजा. रस्त्यांच्या तुकड्यांना या गाठींनी भागा. पूर्ण जाळीदार वस्तीत उत्तर २ च्या जवळ जातं. परदेशात बऱ्याच ठिकाणी १.४ ही किमान पातळी धरतात. झाडाच्या फांद्यांसारखी रचना असेल तर तुकडे गाठींपेक्षा एकाने कमीच असतात, म्हणजे उत्तर १ च्या खाली. आपल्या दक्षिणेकडचा एखादा एकतोंडी ले-आउट घ्या, तो फांदीच निघेल. लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक घ्या, एकाच गाठीला आठ वाटा.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यांचा असाच अभ्यास केला. तिथे बंद टोकांची बांधणी १९९४ च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग उतरू लागली. २०२० मध्ये त्यांनी जगाचं चित्र मांडलं, त्यात अनेक देशांत ती अजून वाढतेच आहे. त्यांच्या कामातली सगळ्यात गंभीर बाब म्हणजे एकदा पडलेलं रस्त्यांचं जाळं जवळपास बदलत नाही. घर पाडून नवं होतं, रस्त्याची रेघ तिथेच राहते.

महापालिकेची हद्द सुमारे २२७ चौरस किलोमीटर. एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत ७१९ गावं, साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यातला किती भाग अजून शेत आहे याचा विचार करा. धुऱ्यावर रस्ते एकमेकांना जोडायचे की नाही, हा निर्णय आत्ता घ्यायचा आहे.

बेलतरोडीकर

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण राहणाऱ्या माणसाला काय हवं हे त्यात कुठेच नाही. लोक बंद गल्लीतला प्लॉट आवडीने घेतात. कारण तिथे भरधाव गाड्या नसतात, पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळू शकतात, अनोळखी माणूस लगेच लक्षात येतो, साखळीचोराला पळायला मागची वाट नसते.

जाळीदार वस्ती म्हणून जिचं कौतुक होतं ती धरमपेठ बघा, रामदासपेठ बघा. सिग्नल चुकवायला गाड्या आतल्या गल्लीतून निघतात. दवाखाने, कोचिंग क्लास, दोन्ही बाजूंना पार्किंग. गुगल मॅपला एक वाट मोकळी दिसली की सगळे तिकडेच वळवले जातात. आमच्या इकडचा रस्ता जास्तीत जास्त घंटागाडी आणि पाण्याचा टँकर सहन करेल इतपतच बांधलेला आहे. खाली काळी माती, वर थोडा मुरूम आणि डांबर. त्यावरून दिवसभर वाहतूक गेली तर एका पावसाळ्यात तो बसेल. जोड देणारे निघून जातील, खड्डे आमच्या वाट्याला.

धुऱ्यापाशी

काळ्या मातीचा मुद्दा खरा आहे, तो मान्य. पण एकच गल्ली उघडली तर सगळे तिच्यातून जातात, दहा उघडल्या तर वाटून जातात. रामदासपेठेतली गर्दी दवाखान्यांची आहे, चौरस्त्यांची नाही. दवाखाने बंद गल्लीत असते तर तीच गर्दी एका तोंडाशी कोंबली गेली असती.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर बंब आत येऊन वळायला ९ मीटर त्रिज्या लागते. गल्लीच्या टोकाला चारचाकी उभ्या असतील तर बंबाला उलट्या गिअरमध्ये बाहेर यावं लागतं. तो अडकलेला असताना रुग्णवाहिका कुठून येणार?

गाड्या नको असतील तर जोड पायी आणि सायकलपुरती ठेवा. तीन मीटरची वाट, मध्ये खांब.

बेलतरोडीकर

खांबांचं सांगूच नका. व्हीलचेअर जायला दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर हवे. तेवढ्यातून प्रत्येक अ‍ॅक्टिव्हा जाते. या शहरात दुचाकी थांबेल आणि अपंग माणूस जाईल असा खांब अजून कोणी लावलेला नाही.

धुऱ्यापाशी

हे बरोबर आहे. खांबाने वेग कमी होत नाही. त्याऐवजी जोडाच्या जागी रस्ताच १० सेंटिमीटर उचलून सपाट पट्टा करावा लागतो, दोन्ही बाजूंना उतार देऊन. दुचाकी जाईल, पण हळू जाईल. खांबांचा मुद्दा मी मागे घेतो.

फूटपट्टी

ले-आउटचे नकाशे काढणाऱ्यांवर सगळं ढकलणं सोपं आहे, म्हणून हिशेब मांडतो.

तीन एकर म्हणजे साधारण १२,१४० चौरस मीटर. ०.४ हेक्टरच्या वर असल्याने १० टक्के मोकळी जागा सोडायची, १,२१४ गेले. उरलेल्यातून रस्ते. आता म्हणता की आरपार रस्ता काढा. १०० मीटर लांब, ९ मीटर रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९,७०० चौरस फूट. नागपुरात चालणारा प्लॉट ३० बाय ५०, १,५०० चौरस फुटांचा. सहा प्लॉट गेले. शेतकऱ्याने जमीन दिलेली असते ठरलेल्या हिश्श्यावर, त्याचा वाटा कमी होतो. हे सहा प्लॉट कोणाच्या खिशातून भरायचे? शेजारच्या खसऱ्याला फायदा व्हावा म्हणून?

नियम नाहीत असंही नाही. बंद गल्ली १५० मीटरपर्यंतच. त्यापुढे २७५ पर्यंत न्यायची तर १५० वर वळायला वेगळी जागा. टोकाला किमान ८१ चौरस मीटरची जागा, कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. हे सगळं पाळून नकाशा मंजूर होतो. मग चूक कुठे?

धुऱ्यापाशी

आरपार रस्ता मागितलाच नाही. उभा रस्ता तुमच्या नकाशात आहेच. तो शेवटच्या रांगेपाशी थांबतो. तो धुऱ्यापर्यंत न्यायला किती जागा लागते? शेवटच्या रांगेची खोली ५० फूट, रस्त्याची रुंदी ३० फूट. ३० बाय ५०. बरोबर एक प्लॉट.

तुमच्याच प्लॉटच्या मापाचा एक तुकडा. सहा नाही, एक. त्या एका प्लॉटसाठी पुढची शंभर वर्षं दोन वस्त्या एकमेकींना पाठ करून उभ्या राहतात. तुम्ही जे नियम सांगितले ते सगळे खसऱ्याच्या आतले आहेत. धुऱ्यापलीकडे काय आहे याचा एकही आकडा त्यात नाही.

फूटपट्टी

एक प्लॉट म्हणायला सोपं वाटतं. ज्याचा जातो त्याला विचारा. आणि शेजारचा खसरा दहा वर्षं शेतच राहिला तर? त्या तुकड्याचं काय होतं ते सांगतो. पहिल्या वर्षी कचरा. दुसऱ्या वर्षी शेवटच्या प्लॉटवाल्याची गाडी, मग त्याचं शेड. तिसऱ्या वर्षी ओटा आणि त्यावर शेंदूर फासलेला दगड. नंतर तिथून रस्ता काढायला कोणता अधिकारी जाईल? त्यातून ७/१२ वर ती जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असते. त्याची पोरं मोठी झाली की तोच तुकडा दुसऱ्यांदा विकला जातो. घेणारा फसतो आणि शिव्या नकाशा काढणाऱ्याला.

गावनकाशा

हा खरा मुद्दा आहे, यावरच बोलायला पाहिजे. रस्त्यांची आणि मोकळ्या जागेची जमीन मंजुरीच्या वेळीच प्राधिकरणाच्या नावे चढली पाहिजे. आखीव पत्रिकेत, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यात, नोंद झाली की दुसऱ्यांदा विक्री होणार नाही. प्लॉटधारक स्वतःच्या प्लॉटची नोंद धावत जाऊन करून घेतो, रस्त्याच्या नोंदीला कोणी वाली नसतो.

आणखी एक. जोड नव्याने शोधायची गरजच नसते. जुना गाव नकाशा उघडा. पांदण रस्ते त्यात आखलेले आहेत, एका गावाहून दुसऱ्या गावाला, नाल्याच्या उतारापर्यंत, गोधनीपासून नरसाळ्यापर्यंत सगळीकडे. बैलगाडीने ते जाळं आधीच विणलं होतं. विदर्भात तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे. गावाचे सामायिक हक्क निस्तार पत्रकात, खाजगी जमिनीतून जाण्या-येण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात. ले-आउट पडताना पांदण एका बाजूने दहा फूट आत ढकलली जाते, दुसऱ्या बाजूने भिंत येते, आणि मधली उरते ती नाली होते.

करायचं काय ते क्रमाने लिहितो, कारण लोक तहसीलमध्ये भलतेच अर्ज देतात. आधी गाव नकाशाची प्रमाणित प्रत. मग वाजिब-उल-अर्जाची नक्कल. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. क प्रतीवर पांदण आणि शेजारचे खसरे दोन्ही दाखवायला सांगा, नाहीतर मोजणारा फक्त अर्जदाराचा खसरा मोजून निघून जातो. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज. महसूल संहितेचं कलम १४३ सगळे मागतात, पण ते धुऱ्यावरून शेतात जाण्यासाठी आहे. प्लॉट पाडून झाल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून शेत शेत असतानाच वाट नोंदवून ठेवावी लागते.

पूर्वेकडचा

राजेहो, तुमची सगळी चर्चा वर्धा रोडच्या दोन्ही अंगाला चालून राह्यली. पूर्व नागपूरचं काय? आमच्याकडे गल्ल्या बऱ्यापैकी जोडलेल्या आहेत. वाठोडा, दिघोरी, नंदनवन, एकातून दुसऱ्यात जाता येते. पण शेवटी पश्चिमेला यायचं तर रेल्वे आडवी. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही मार्ग या शहरात एकमेकांना छेदतात, त्यानं शहराचे चार तुकडे केले. मग रामझुला, लोहापूल, अजनीचा पूल, अशी बोटावर मोजण्याइतकी तोंडं. पाऊस आला की भुयारी मार्गात पाणी. तुम्ही एक-एक प्लॉट सोडून बसा, हजार घरं एका पुलाशीच येऊन थांबतात. आधी पूल मोजा, मग गल्ल्या.

धुऱ्यापाशी

पुलांचं खरं आहे. मनीषनगरला रेल्वे फाटकाने किती वर्षं लोकांना उभं ठेवलं हे सगळ्यांना माहीत आहे. पूल आणि भुयारी मार्ग झाल्यावरही मागच्या सगळ्या वस्त्यांची वाहतूक त्याच दोन-तीन तोंडांशी येते. पण पूल कोट्यवधींचा असतो, त्याला वर्षं लागतात, रेल्वेची परवानगी लागते. धुऱ्यावरची जोड एका प्लॉटची असते. महाग गोष्ट होईपर्यंत स्वस्त गोष्ट थांबवून ठेवायची का?

पूर्वेकडचा

स्वस्त कोणाले? आणि नकाशात चौक दिसते म्हणून चौक होत नाही भाऊ. मोठ्या रस्त्यावर दुभाजक टाकून दिला की चार वाटांच्या चौकाचे दोन तिठे होतात. समोर पन्नास फुटांवर दुकान दिसून राह्यलं, पण यू-टर्न घ्यायला अर्धा किलोमीटर पुढं जा, अर्धा मागं या. तुमच्या भागाकारात हा दुभाजक धरला काय?

धुऱ्यापाशी

नाही धरला. धरायला हवा होता. मोजताना बंद दुभाजकाच्या जागी दोन वेगळ्या गाठी धरायच्या, म्हणजे उत्तर प्रामाणिक येईल. मोठे रस्ते असे मोजले तर शहराचा आकडा बराच खाली येईल, आणि पूर्वेकडचा भंडारा रोड जास्त खाली येईल हेही कबूल.

स्लम्पकोन

सगळे आडव्या जोडावर बोलताय. या शहरातले जोड उभे तुटलेत, त्यावर कोणी बोलत नाही. सिमेंट रस्ते.

जुनं डांबर न उखडता त्यावर थर चढवतात. खाली १०० मिलिमीटर कोरडं लीन, म्हणजे कमी सिमेंटचं, काँक्रीट, वर २०० मिलिमीटरचा स्लॅब. रस्ता एक फूट वर आला. त्याला मिळणारी गल्ली आहे तिथेच राहिली. जोडाच्या जागी एक फुटाची पायरी. ठेकेदार मीटरभरात सिमेंटचा उतार फासून मोकळा होतो. एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर, १:१२ चा उतार द्यायचा तर ३.६ मीटर लांबी हवी. मीटरभरात दिला तर १:३ च्या आसपास होतो. कारचा तळ घासतो, भाजीचा हातठेला चढत नाही, म्हातारं माणूस पावसात घसरतं. नकाशात तो जोड कायम आहे, प्रत्यक्षात तुटलेला आहे.

बेलतरोडीकर

आणि पाणी. ते लिहायचं राहिलं. घराचं जोतं दीड फुटाचं बांधलेलं, रस्ता एक फूट वर आला, उरलं अर्धा फूट. जोराचा पाऊस झाला की रस्त्याचं पाणी कंपाउंडमध्ये, तिथून हॉलमध्ये. फाटक बाहेर उघडत होतं, ते आता उघडतच नाही. पावसाळी नाली रस्त्याखाली गाडली गेली, तिच्या जाळ्या बुजल्या. इथे एकदा का होईना कोणीतरी खरा प्रश्न मांडला.

फूटपट्टी

दोष सिमेंटचा नाही, पातळीचा आहे. जुना थर खरवडून तेवढीच खोली मोकळी केली असती तर नवा रस्ता जुन्याच उंचीवर बसला असता. निविदेत खोदकाम आणि मलबा उचलणं धरलेलं नसतं किंवा कमी धरलेलं असतं, आणि जो कमी दर लावतो त्याला काम मिळतं. पण डांबर दर दोन-तीन वर्षांनी करावं लागत होतं हे विसरू नका. सिमेंटला नावं ठेवणारे तेव्हा खड्ड्यांवरून ओरडत होते.

स्लम्पकोन

सिमेंट टिकतं, पण नीट केलं तर. सांधे वेळेत कापायला लागतात, काँक्रीट टाकल्यापासून साधारण २४ तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर. खोली स्लॅबच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी, अंतर साडेचार मीटरच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी काँक्रीट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सावकाश कटर आणला, तर स्लॅबने आपली भेग आधीच कुठेतरी वाकडी पाडून घेतलेली असते. १४ दिवस ओलं ठेवायचं. गोणपाट टाकतात, दोन दिवसांत ते वाळून उडून जातं. मग पाचव्या महिन्यात पृष्ठभाग सुटू लागतो आणि लोक म्हणतात सिमेंट वाईट.

खाली पाइपांसाठी आडव्या नळ्या न टाकता स्लॅब ओततात. मग नळ जोडणीसाठी स्लॅब फोडतात. फोडलेली जागा कधीही मूळ स्लॅबइतकी बसत नाही.

पूर्वेकडचा

आणि उतार? ९ मीटरचा रस्ता, मधून दोन टक्क्यांचा उतार दिला तर कडेला ९ सेंटिमीटर खाली यायला पाहिजे. आमच्याकडे पाणी रस्त्याच्या मधोमध उभं राहते. म्हणजे उतार उलटा. हे डोळ्यानं दिसते, यंत्र लागत नाही. पूर्वेकडं काम तपासायला कोणी येते काय?

बेलतरोडीकर

पूर्व-पश्चिम कशाला करता? आमच्याकडेही तेच आहे. प्रत्येक गोष्टीत पूर्वेवर अन्याय काढायचा, मग चर्चा पुढे जाणार कशी?

पूर्वेकडचा

अन्याय असला तर काढणारच. तुम्हाले मेट्रो दारात, डबल डेकर पूल दारात. तुम्ही बंद गल्लीची शांतता मागून राह्यले अन् आम्ही पूल मागून राह्यलो. दोन्हीत फरक आहे.

बेलतरोडीकर

मेट्रो प्रजापतीनगरपर्यंत पूर्वेलाच जाते. डबल डेकर कामठी रोडवरही झाला, तो काही पश्चिम नागपूर नाही. माहिती करून बोला.

पूर्वेकडचा

प्रजापतीनगरपर्यंत जाते, बरोबर. तिथून पुढे पारडी अन् वाठोड्याच्या माणसानं काय करावं? स्टेशनातून उतरला की ऑटो. ते माझंच म्हणणं आहे.

गावनकाशा

भांडण थांबवा. दोघांचा प्रश्न एकच आहे. स्टेशनपासून ४०० मीटर चालायचं ठरवलं तर पूर्ण जाळीदार वस्तीतसुद्धा त्या वर्तुळाचा ६४ टक्केच भाग हाताशी येतो, कारण चालणारा कोपरे वळत जातो. एकतोंडी गल्ल्या असतील तर हा भाग आणखी आकसतो. स्टेशनमागची भिंत मोकळी केली तर स्टेशन न हलवता प्रवासी वाढतात. पूर्वेलाही, पश्चिमेलाही.

नळखांब

सिमेंट आणि भांडणात एक गोष्ट राहून गेली, ती बंद गल्लीतल्या प्रत्येकाने वाचावी. रस्ता बंद असला की त्याखालचा नळही बंद टोकाचा असतो. टोकाला पाणी साचून राहतं, गाळ बसतो. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, ते टोकाला पोचेपर्यंत उडून जातं. टोकाला वॉशआउट व्हॉल्व्ह बसवून ठरावीक दिवसांनी पाणी सोडून द्यावं लागतं. व्हॉल्व्ह बसवलेला असतो, तो उघडायला कोणी येत नाही, आणि कधी कधी वरच्या स्लॅबखाली गाडला गेलेला असतो.

शिवाय तोंडापाशी नळ फुटला की आतली सगळी घरं कोरडी. मागच्या ले-आउटचा नळ १५ मीटरवर असतो. त्या १५ मीटरात ११० मिलिमीटरचा एक पाइप आणि एक व्हॉल्व्ह टाकला तर दोन्ही टोकं मिळून वेढा तयार होतो. पाणी दोन्हीकडून फिरतं, दाब सारखा राहतो, दुरुस्तीत अर्धी गल्लीच बंद ठेवावी लागते. हा पाइप टाकता येत नाही, कारण मध्ये कुणाच्या तरी मालकीचं घर आहे. वर ज्या एका प्लॉटवर वाद चाललाय, त्याच प्लॉटवर.

बेलतरोडीकर

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पाइपसाठी जागा सोडायला माझी हरकत नाही. तीन मीटर सोडा, पाइप टाका, चालणाऱ्यांना जाऊ द्या. ३० फूट उघडून गाड्या आणायला मात्र विरोध कायम आहे.

धुऱ्यापाशी

तीन मीटर म्हणजे १० फूट गुणिले ५० फूट, ५०० चौरस फूट. प्लॉटचा तिसरा हिस्सा. आधी वसलेल्या वस्तीत तेवढंही मिळालं तर मी घेईन. पण ज्या खसऱ्यात अजून नांगर चालतो तिथे ३० फूटच हवे. आज ३० फूट सोडून तिथे फक्त पायवाट ठेवता येते, उद्या लागली तर रुंद करता येते. आज १० फूट सोडले तर उद्या ३० होणार नाहीत. केळीबाग रोडच्या रुंदीकरणाने किती वर्षं खाल्ली, किती इमारती पाडायला लागल्या, ते डोळ्यासमोर आहे.

गुंठेवारीचंही, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचंही, यातच येतं. २००१ चा कायदा झाला, मग २०२१ मध्ये मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं धरली. आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, मिळतं, विकास शुल्क भरलं जातं, त्यातून नाली-दिवे होतात. पण १५ फुटांची गल्ली १५ चीच राहते आणि धुऱ्यावरची भिंतही. नियमित केलेल्या ले-आउटात रस्ते मागाहून कोणीच जोडत नाही.

फूटपट्टी

ठीक आहे. हिशेबात मला हरवलं असं नाही, पण सहा प्लॉट म्हणालो ते जोडाचे नव्हते, हे मान्य. एक प्लॉट सोडता येईल. फक्त तो कसा सोडायचा ते मंजुरी देणाऱ्यांनी नीट लिहावं, नाहीतर पुन्हा शेंदूर फासलेला दगडच उगवेल.

नकाशावर त्या तुकड्यावर नुसतं रस्ता असं लिहून चालत नाही. तिथे शेजारच्या खसऱ्याचा क्रमांक आणि भावी जोडरस्ता हे शब्द हवेत. त्याची आखीव पत्रिका पहिला प्लॉट विकायच्या आधी प्राधिकरणाच्या नावे. शेवटच्या दोन प्लॉटधारकांच्या विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिताना त्या बाजूला रस्ता अशी नोंद, म्हणजे पुढे कोर्टात कोणी माहीत नव्हतं म्हणू शकणार नाही. आणि शेजारचा ले-आउट मंजुरीला येईल तेव्हा त्याचाही तुकडा याच्याच समोर आला पाहिजे. दोघांनी एकेक प्लॉट सोडला आणि तोंडं वीस फुटांनी चुकली, तर दोघांचाही प्लॉट फुकट गेला.

स्लम्पकोन

त्यात पातळी घाला. धुऱ्याच्या रेषेवर रस्त्याचा माथा आणि नालीचा तळ, दोन्ही उंच्या नकाशावर मीटरमध्ये, दोन्ही ले-आउटना एकाच खुणेवरून मोजलेल्या. नाहीतर तोंडं समोरासमोर येतील आणि मध्ये दोन फुटांची पायरी असेल.

पूर्वेकडचा

अन् नाला असला तर? दोन खसऱ्यांत नाला आहे, तिथं एक प्लॉट सोडून काय होते? पुलिया कोण बांधणार? २३ सप्टेंबर २०२३ ले अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा नाल्याकाठच्या एकतोंडी गल्ल्यांतून माणसं कुठून बाहेर काढायची हाच प्रश्न होता.

फूटपट्टी

नाला असेल तिथे शेवटच्या रांगेऐवजी नाल्याला समांतर रस्ता काढायचा. नाल्यापासून अंतर सोडावंच लागतं, त्या पट्टीत प्लॉट पडत नाहीत. तिथे रस्ता घेतला तर नाला घरांच्या पाठीमागे न राहता समोर येतो, कचरा टाकणारा दिसतो, गाळ काढायला पोकलेन उतरतो. पुलियाचा खर्च दोन्हीकडच्या विकास शुल्कातून. यात मात्र प्लॉट जवळपास जात नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.